‘ताई, सोन्यानं कॅन्सर बरा होतो का?’

(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संयोजकांनी मला जो विषय दिलाय तो फळ्यावर लिहिलेला आहेच : ‘नॅनो पदार्थ आणि किरणोपचार’. फळ्याकडे बघून तुमच्यातल्या दोघीतिघींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं, ते मला इथून दिसलं. आता शास्त्राचा तास सुरू होणार, दुपारचं जेवण झालेलं, झोप येणार! मी काही भौतिकशास्त्राची बाई नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करते. माझं काम म्हणजे योजनेचे कागद जमवणं, धर्मशाळेत जागा मिळवून देणं, नवऱ्याला समजावणं, सासूला समजावणं आणि बाईला रडायला एक खोली मिळवून देणं. मग मी हा विषय का वाचला, ते आधी सांगते. त्यात माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

शेवंताबाई म्हणू तिला. नाव बदललेलं आहे. मराठवाड्यातली, शेतमजूर, कागदावर वय ४५. वर्षभर अंगावरून पाणी जात होतं, मग लाल जायला लागलं. पाळी जाताना असं होतंच, असं सगळ्यांनी सांगितलं, तिनंही मानलं. आली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी २५ शेक लिहून दिले. आपल्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी लाइट म्हणतात. माझ्या मते दोन्ही शब्द ‘किरणोपचारा’पेक्षा बरे, निदान बाईच्या तोंडात बसतात.

त्या सुमारास एका वर्तमानपत्रात बातमी आली होती की सोन्याचे अतिसूक्ष्म कण कॅन्सरच्या पेशी संपवणार. मी ती कापून आमच्या खोलीतल्या बोर्डावर टाचणीनं लावली. आमची दर बुधवारी बायकांची बैठक असायची. तिथे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, बघा, शास्त्रज्ञ आता सोन्यावरसुद्धा काम करतायत. धीर द्यायचा म्हणून सांगितलं. बैठक संपल्यावर शेवंताबाईची सून दारात थांबली. म्हणाली, “ताई, सोन्यानं कॅन्सर बरा होतो का हो?” मला पुढच्या बाईचा फॉर्म भरायचा होता. मी म्हटलं, “हो, प्रयोग चालू आहेत, होईल एक दिवस.” पुढचं मी बोलले, पण तिला ऐकू गेलं ते ‘हो’.

१६ शेक झाले आणि १७व्या दिवशी शेवंताबाई आलीच नाही. गावाकडे कुणीतरी ‘नॅनो सोन्याचे’ थेंब विकत होता. बाटल्या घेण्यासाठी सुनेनं स्वतःचं डोरलं मोडलं होतं. शेकानं सासूला जुलाब लागलेले, लघवीला आग होत होती, मजुरी बुडत होती, आणि इथे घरबसल्या औषध. तेही सोन्याचं, तेही ताईंनी सांगितलेलं! ३४ दिवसांनी ती दोघी परत आल्या. उपचार पुन्हा जुळवायचा डॉक्टरांनी प्रयत्न केला, पण तो पहिला जोर आता राहिला नव्हता. सात महिन्यांनी शेवंताबाई गेली.

सुनेनं मला कधी बोल लावला नाही. पण त्या बातमीमागचं मूळ संशोधन काय होतं ते मी त्यानंतर शोधून वाचलं, समजेना तेव्हा माणसांना विचारलं. आज तेच तुमच्यापुढे मांडते.

तर, शेक म्हणजे नेमकं काय होतं? किरण शरीरातून जातात तेव्हा पेशीतल्या पाण्याचे कण फोडतात. आपण बहुतांशी पाणीच असतो. फुटलेल्या पाण्यातून काही खवळलेले कण सुटतात, शास्त्रात त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते शेजारी जे दिसेल त्याला चावतात. पेशीच्या केंद्रात डीएनएचा दुपदरी धागा असतो. त्याचे दोन्ही पदर एका जागी तुटले की पेशीला ते सांधणं जड जातं आणि विभागायला गेली की ती मरते. निरोगी पेशींनाही हा मार बसतो, पण त्यांची डागडुजी साधारणपणे जास्त चांगली असते. म्हणून शेक एकदम देत नाहीत, रोज थोडा थोडा देतात. मधल्या वेळात निरोगी पेशींनी सावरावं, एवढाच हिशेब. “रोज रोज कशाला बोलावतात, एकदाच का देत नाहीत?” असं प्रत्येक नवरा विचारतो. त्याला हे असं सांगा.

आता प्रश्न असा की तेवढ्याच किरणात गाठीला जास्त मार बसावा आणि शेजारच्या आतड्याला, मूत्राशयाला कमी बसावा, असं काही करता येईल का? शंभर वर्षांच्या किरणोपचारातला हा जुना प्रश्न आहे. नॅनो पदार्थांचं सगळं संशोधन ह्या प्रश्नाभोवती फिरतं.

नॅनो म्हटलं की आपल्याला ती छोटी गाडी आठवते. इथे नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, म्हणजे कल्पना करा. आणि नॅनोकंपोझिट? आपण भिंत लिंपताना मातीच्या गाऱ्यात भुसा किंवा तूस घालतो की नाही? नुसती माती सुकली की तडकते, नुसता तूस उभा राहत नाही, दोन्ही मिळून लिंपण टिकतं. दोन वेगळ्या पदार्थांचं एकत्र केलेलं काम म्हणजे कंपोझिट, आणि त्यातला एक तरी पदार्थ नॅनो आकाराचा असला की नॅनोकंपोझिट. एवढंच आहे ते. मोठ्या शब्दांना घाबरू नका.

सोनंच का, तर ते जड आहे. अणूच्या वजनदारपणाचा एक क्रमांक असतो. आपल्या शरीरातल्या कार्बनचा ६, ऑक्सिजनचा ८. सोन्याचा ७९, हाफ्नियम नावाच्या धातूचा ७२, गॅडोलिनियमचा ६४. जड अणू क्ष-किरण जास्त अडवतो आणि अडवल्यावर आपल्यातले इलेक्ट्रॉन भिरकावतो. हे इलेक्ट्रॉन फार लांब जात नाहीत, पण जवळपास मोठी तोडफोड करतात. गाठीत असा कण बसवला तर बाहेरून तेवढेच किरण देऊन आत जास्त मार बसतो, अशी ती कल्पना.

२००४ साली अमेरिकेतल्या हेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग उंदरांवर करून दाखवला. मादी उंदरांमध्ये होणाऱ्या स्तनाच्या गाठी, आणि १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून टोचले. नुसते क्ष-किरण दिलेल्या उंदरांपैकी वर्षानं २० टक्के जिवंत होते. सोनं आणि क्ष-किरण दोन्ही दिलेल्यांपैकी ८६ टक्के. आकडा बघून कुणीही हरखेल. वर्तमानपत्रांत सोन्याच्या बातम्या येतात त्यांची मुळं ह्याच प्रयोगाकडे जातात. पण त्याच निबंधात तिसरा आकडाही आहे. नुसतं सोनं दिलेल्या उंदरांपैकी वर्षानं किती जगले? एकही नाही.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील. मी वही मिटून ठेवली. शेवंताबाईनं किरण सोडले होते आणि थेंब घेतले होते. त्या बाटलीत खरोखर सोनं असतं, खरोखर नॅनो असतं, तरी ह्या तिसऱ्या आकड्यापलीकडे ते जात नव्हतं. हा कण औषध नाहीच मुळी. किरण नसतील तर तो नुसता बसून राहतो. ती कात्रण लावणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे माहीत असायला हवं होतं.

आणि किती सोनं दिलं होतं त्या उंदरांना? वजनाच्या दर किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत. आपली बाई ४० किलोची धरा. १०८ ग्रॅम झाले. आजच्या सोनाराच्या तोळ्यानं, म्हणजे १० ग्रॅमनं, जवळजवळ ११ तोळे! ज्या बाईच्या गळ्यात दोन वाट्या नि काळे मणी आहेत, तिच्या शिरेत ११ तोळे. (हशा) हसा, पण पुढे लक्षात ठेवा. कारण उंदरातून माणसात येताना हा हिशेब कुणीतरी मांडावाच लागतो.

दुसरी एक अडचण आहे, तीही सांगते. त्या प्रयोगात वापरलेले क्ष-किरण कमी ऊर्जेचे होते. आपल्या रुग्णालयांतली मोठी यंत्रं, कोबाल्ट असो की लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, कितीतरी जास्त ऊर्जेचे किरण देतात, आणि त्या ऊर्जेला सोन्याचा तो अडवण्याचा गुण फारसा चालत नाही. तरीही प्रयोगशाळेत हिशेबापेक्षा जास्त परिणाम दिसतो, म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात की नुसतं भौतिकशास्त्र नाही, पेशीच्या आतल्या रसायनातही हे कण ढवळाढवळ करत असणार. उलट बाजूचं कामही चाललेलं आहे. सिरियम ऑक्साइडचे कण खवळलेले रॅडिकल शोषून घेतात. २००५ सालच्या एका प्रयोगात, काचेच्या बशीत, त्यांनी स्तनाच्या निरोगी पेशींना किरणांपासून वाचवलं आणि कॅन्सरच्या पेशींना वाचवलं नाही. म्हणजे एक कण मार वाढवतो, एक कण मार झेलतो. ऐकायला फार सुंदर आहे. पण बशीत आतडं नसतं, यकृत नसतं, रोजची मजुरी नसते.

माणसांपर्यंत काय पोचलंय? हाफ्नियम ऑक्साइडचे कण एका फ्रेंच कंपनीनं थेट गाठीत टोचून बघितले. हातापायांतल्या आणि धडावरच्या मऊ मांसातल्या गाठी, ज्यांना सार्कोमा म्हणतात, त्यांचे १८० पेशंट. २०१९ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये निष्कर्ष आले. किरण अधिक कण दिलेल्यांपैकी १६ टक्के लोकांची गाठ शस्त्रक्रियेच्या वेळी जवळपास पूर्ण मेलेली आढळली, नुसते किरण दिलेल्यांत ८ टक्के. दुप्पट, असं बातमी म्हणेल. शंभरातले आठ जास्त, असं आपण म्हणू. दोन्ही खरं. काही जणांना टोचल्याबरोबर रक्तदाब खाली जाण्यासारखी तीव्र प्रतिक्रिया आली, तेही त्याच निबंधात आहे.

आपल्या विषयाच्या अगदी जवळचं म्हणजे अगिक्स नावाचा कण. हा खरा नॅनोकंपोझिट : वाळूच्या जातीचा सिलिकॉनचा सांगाडा आणि त्यावर बसवलेले गॅडोलिनियमचे अणू, आकार पाच नॅनोमीटरच्या आसपास. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या संशोधकांनी तो घडवला. इतका लहान ठेवण्याचं कारण म्हणजे काम झाल्यावर तो लघवीवाटे निघून जावा. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायकांवर ह्याची पहिल्या टप्प्याची चाचणी घेतली गेली, नाव नॅनोकॉल. किरण, सिस्प्लॅटिन आणि आतला शेक, ह्यांच्या जोडीला शिरेतून हा कण. पहिला टप्पा म्हणजे किती मात्रा सोसवते ते बघणं. बरं होतं का, हा प्रश्न त्या टप्प्यात विचारलेलाच नसतो. पण ‘चाचणी सुरू’ ही बातमी ‘औषध आलं’ अशी कानावर येते, हे आता मी अनुभवानं सांगते.

आता माझ्या डोक्यात आलेली शंका. कण किडनीवाटे बाहेर पडतो. सिस्प्लॅटिनचा ताणही किडनीवर. आपल्या बायका येतात कधी? गाठ वाढून लघवीच्या नळ्या दाबल्या जातात, एक किडनी सुजलेली असते, तेव्हा. गॅडोलिनियमची एक जुनी गोष्टही आहे. एमआरआयसाठी त्याची इंजेक्शनं देतात, आणि ज्यांच्या किडन्या अधू होत्या अशांपैकी काहींची त्वचा आणि सांधे दगडासारखे ताठरले. २००६च्या सुमारास हा संबंध लक्षात आला आणि नियम बदलले. नवीन कणाची घडण वेगळी आहे, त्याला असंच होईल असं मी म्हणत नाही. पण फ्रान्समध्ये लवकर आलेल्या, तपासलेल्या, चांगल्या खाल्ल्याप्यालेल्या बाईवर जे उतरलं ते आमच्या वॉर्डातल्या बाईवर तसंच उतरेल, असं कुणी गृहीत धरू नये.

‘बाहेर पडतं का?’ ह्या प्रश्नावर मी का अडते त्यालाही कारण आहे. थोरोट्रास्ट हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं नसेल. १९३० ते ५०च्या दशकांत क्ष-किरणांच्या फोटोत रक्तवाहिन्या नीट दिसाव्यात म्हणून थोरियम ऑक्साइडचं पातळ द्रावण टोचत. त्या वेळी कुणी नॅनो म्हणत नव्हतं, पण कण त्याच मापाचे. फोटो सुरेख यायचे, लगेच काही त्रास नाही. कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसले ते बसलेच. थोरियम स्वतः किरणोत्सारी, त्यामुळे वीसतीस वर्षांनी यकृताचे कॅन्सर निघाले. सोनं किंवा हाफ्नियम तसं किरणोत्सारी नाही, हा फरक मोठा आहे, तो मी लपवत नाही. पण ‘आत्ता काही झालं नाही’ ह्याचा अर्थ काय घ्यायचा, हे ह्या गोष्टीतून शिकता येतं. नेट-एन इंजेक्शनच्या वेळी आपल्या संघटना हेच विचारत होत्या. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला चाचणी सुरू होणार होती, स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती उघडकीला आणली आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. तेव्हा आपल्याला विज्ञानविरोधी म्हटलं गेलं. आपण विचारत होतो ते एवढंच की बाईला काय सांगितलं आणि दहा वर्षांनी तिला कोण भेटायला जाणार?

आता एक गंमत सांगते. किरणांचा मार वाढवणारं औषध आपल्याकडे आहे. आजही रोज दिलं जातं. सिस्प्लॅटिन! आठवड्यातून एकदा, शेकाबरोबर. बायका त्याला ‘पाण्याची बाटली’ म्हणतात, किंवा केमो. थोडी मात्रा, काम किरणांना धार लावण्याचं. १९९९ साली अमेरिकेत पाच चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि जगभर ते द्यायला सुरुवात झाली. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांना प्रश्न पडला की पुढच्या टप्प्यातल्या, म्हणजे तिसऱ्या ‘ब’ टप्प्यातल्या, आपल्या बायकांना ते सोसवेल का, त्याचा फायदा होईल का? २००३ ते २०११ ह्या काळात ८५० बायकांना त्यांनी अभ्यासात घेतलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. नुसत्या शेकावर पाच वर्षांनी ४६ टक्के बायका जिवंत, सिस्प्लॅटिनसह ५४ टक्के. इथेही शंभरात आठ. त्या ८५० जणींतल्या कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेच्या जिन्यावर बसून भाकरी खाणाऱ्या, आपल्या तुमच्यासारख्या गावांतून आलेल्या असतील. हे ज्ञान त्यांच्या शरीरांनी दिलंय, आणि असा अभ्यास मला हवा आहे. चाचणी हा शब्द ऐकला की नाक मुरडायचं, ही सवय मी सोडलीय.

आणखी एक मार वाढवणारी गोष्ट आहे, ती तर फुकटच म्हणायची. ऑक्सिजन. किरणांनी डीएनए तुटला की ऑक्सिजन तिथे चिकटून ती तूट पक्की करतो. ऑक्सिजन नसेल तर तोच मार बसवायला अडीच ते तीनपट किरण लागतात. गाठीच्या गाभ्यात रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी गुदमरलेल्या असतात आणि गुदमरलेल्या म्हणूनच वाचतात. शास्त्रज्ञ आता मँगनीज डायऑक्साइडचे नॅनोकण बनवतायत, जे गाठीतच ऑक्सिजन तयार करतात. करू देत. ऑक्सिजनची जागा भरून काढणारं मिसोनिडॅझोल नावाचं औषधही मागे येऊन गेलं. १९७०-८०च्या दशकांत त्याचा केवढा गाजावाजा होता. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरही वापरून पाहिलं. फायदा दिसला नाही, आणि बायकांच्या हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा आला तो वेगळाच.

पण ऑक्सिजन गाठीपर्यंत नेतं कोण? रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यात जिच्या अंगावरून सहा महिने रक्त जातंय तिचं काय विचारता! आमच्याकडे सहा हिमोग्लोबिनच्या बायका पायी चालत येतात. शेक चालू असताना हिमोग्लोबिन १०च्या वर ठेवायचा डॉक्टर प्रयत्न करतात. कमी हिमोग्लोबिन असलेल्या बायकांना शेकाचा गुण कमी येतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. रक्ताची पिशवी चढवली म्हणजे सगळं भरून निघतं असंही नाही. गाठ आत वाढायच्या आधीची दहा वर्षं तिच्या ताटात काय होतं, ते पिशवीत येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, वेळ. बाहेरचे २५ शेक आणि आतला शेक धरून सगळे उपचार आठ आठवड्यांत संपायला हवेत. त्यापुढे जाणाऱ्या दर दिवसाला गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घसरते. मी हे वाचलं तेव्हा हिशेब करून बघितला. कुठल्याही नॅनोकणानं मिळवलेले आठ टक्के एका लग्नसराईत जातात. खरंच सांगते! घरात लग्न निघालं म्हणून दहा दिवस, मशीन बंद म्हणून चार, एसटीचा संप झाला तर ते वेगळे. योजनेचा शिक्का हवा म्हणून मीसुद्धा बाईला तीनतीन दिवस थांबवलेलं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक बसतो, पण धर्मशाळेतलं खाणं बसत नाही, सोबत आलेल्या सुनेची बुडालेली मजुरी बसत नाही. माझ्या मते बाईला सलग आठ आठवडे एका जागी ठेवणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं संशोधन ठरेल, पण त्याला पेटंट मिळत नाही, म्हणून त्यावर बातमी येत नाही.

कॅन्सर होऊच न देण्याचं काय, असं मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं. बार्शी आणि धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, इथे १ लाख ३१ हजार बायकांवर झालेला अभ्यास २००९ साली जगप्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच मातीतला शोध! आणि २०१९ ते २१च्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी दोन टक्क्यांनीही ही तपासणी केलेली नव्हती. मात्र त्याच अभ्यासात एका गटातल्या ३१ हजारांवर बायकांची तपासणी केलीच नव्हती, तुलनेसाठी. त्यावर नंतर बराच वाद झाला. मी त्या वादात दोन्ही बाजूंनी वाचलंय आणि अजून माझं मत पक्कं नाही.

जिथे माझं मत पक्कं आहे ते सांगते. दिल्लीत १९७६ ते ८८ ह्या काळात गर्भाशयमुखात कॅन्सरपूर्व बदल असलेल्या ११००हून जास्त बायकांवर नुसतं लक्ष ठेवलं गेलं, रोग कसा वाढतो ते बघायला. लेखी संमती नव्हती. १९९७ साली ते बाहेर आलं तेव्हा काहींचा कॅन्सर झालेला होता. तिरुवनंतपुरमला १९९९-२००० मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या २६ पेशंटांना एका अमेरिकन विद्यापीठातलं नवं रसायन टोचलं, योग्य संमतीशिवाय. २००९-१० साली खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आश्रमशाळांतल्या मुलींच्या फॉर्मवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. तिथल्या मुलींचे मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, आणि लस चांगली आहे, मी माझ्या भाचीला दिलीय. पण सही कुणाची, हा प्रश्न लस चांगली असल्यानं मिटत नाही.

नॅनो औषधांची चाचणी उद्या तुमच्या जिल्ह्याच्या गावी येऊ शकते. २०१९च्या नव्या नियमांनी आपल्या हातात काही दिलंय. दुबळ्या स्थितीतल्या व्यक्तीवर नव्या औषधाची चाचणी असेल तर संमती घेतानाचं दृश्य-ध्वनिमुद्रण करावं लागतं. इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. प्रत्येक चाचणी सरकारी नोंदणीत टाकावी लागते आणि ती नोंद कुणालाही बघता येते. त्याच वर्षी नॅनो औषधांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. तुम्ही बाईसोबत गेलात तर घाईत सही होऊ देऊ नका. हा कण शरीरातून कधी आणि कुठून बाहेर पडतो ते विचारा. बाई ‘नाही’ म्हणाली तर नेहमीचा शेक आणि सिस्प्लॅटिन मिळेल ना, हे तोंडी नको, लिहून घ्या. गावाला परतल्यावर त्रास झाला तर कुठल्या नंबरवर कोण मराठीत बोलेल, तेही विचारा. आणि बाईला तिच्या शब्दांत सगळं पुन्हा सांगायला लावा. मी सुनेला एवढंच विचारलं असतं की “मी काय म्हटलं ते सांग बघू,” तर डोरलं वाचलं असतं.

अजून एक आहे, पुरुष कार्यकर्ते बाहेर आहेत तोवर बोलून घेते. ओटीपोटाच्या शेकानं पाळी जाते, योनीमार्ग कोरडा होतो, आखडतो, चिकटतो. त्यासाठी साधन असतं, व्यायाम असतो, पहिल्या काही आठवड्यांतच शिकवायला हवा. आमच्याकडे किती जणींना शिकवतात? जिनं धीर करून विचारलं तिलाच. पन्नाशीच्या विधवेला तर कुणी सांगतच नाही, तिला काय करायचंय, असा चेहरा करतात. तिला पुढे तपासणीसाठी यायचं असतं हो! मार्ग चिकटला तर गाठ परत आली का ते बघणार कसं? आणि तपासणी सोडा, तिचं शरीर आहे, तिला माहीत असायला नको? निरोगी भागाला कमी मार बसावा म्हणून जगभर कण बनवतायत, त्यात योनीमार्ग हा निरोगी भाग धरलाय का, हे मी आता प्रत्येक निबंधात शोधते. बहुतेकदा आतडं आणि मूत्राशय सापडतं.

शेवंताबाईची सून मागच्या वर्षी आली होती, गावातल्या दुसऱ्या एका बाईला घेऊन. आल्या आल्या तिनं पिशवीतून वही काढली. तारखा लिहिल्या होत्या, कितवा शेक, रक्त किती. म्हणाली, “ताई, एक बी दिस बुडू द्यायचा न्हाई हिचा.” बुडाला नाही. ५३ दिवसांत सगळं पुरं झालं. ती बाई परवाच तपासणीला येऊन गेली.

वहीचा तो नमुना मी आणलाय, मागच्या टेबलावर आहे. झेरॉक्स कमी आहेत, एका गावाला एक घ्या. आता प्रश्न विचारा.